पुढच्याचा लाल दिवा

लखनच्या दुकानात माझ्या अर्ध्या तोंडाला फेस होता तेव्हा मला माझ्या पोरीचा आवाज ऐकू आला. दाढीला नंबर लावून बाकड्यावर बसलेल्या कोणीतरी मोबाईल लावला होता आणि त्यातून दीपा हिंदीत बोलत होती. "हम ग़लत रास्ते पर आ गए हैं, इसलिए रुके हैं. घबराने की कोई बात नहीं. रास्ता दिखानेवाली गाड़ी आ रही है." एवढंच. मग प्रवाशांचा गलका, कोणाचं तरी हसणं, आणि तेच पुन्हा पहिल्यापासून. आवाजात माणसाची फसगत होते म्हणतात. होत असेल, पण पोटच्या पोरीच्या नाही. दीपा 'घ'वर उगाच जोर देते, लहान होती तेव्हा 'घर' म्हणतानाही द्यायची. बाकड्यावरचे सगळे हसत होते. एक जण म्हणाला, "पोट्टी चालवून राह्यली व्हती म्हणे. मंग चुकनच, नाई त काय." लखननं वस्तरा माझ्या गळ्याखाली आणला आणि विचारलं, "काय हो काका, इमानाले बी चकवा लागते का?" एरवी मी या लोकांची सालटी काढली असती. खाणीत डंपर चालवून म्हातारा झालेला माणूस आहे मी, तिकडे राजूरमध्ये माझ्या तोंडी लागायला कोणी धजत नसे. पण गळ्यावर वस्तरा असला की भल्याभल्यांना शहाणपण येतं. "तू आपलं काम कर," एवढं बोललो आणि डोळे मिटले. पोरगी माझी आहे हे काही बोललो नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही राजूर सोडलं आणि यवतमाळात वडगावच्या बाजूला दोन खोल्यांचं घर बांधलं, कारण विमलला, म्हणजे माझ्या बायकोला, कोळशाच्या धुरळ्यानं खोकला धरला होता. इथं खोकला गेला, पण मला अजून इथले रस्ते आपले वाटत नाहीत. सगळे जागच्या जागी असतात. खाणीतला रस्ता आज एका बाजूनं जातो तर महिन्याभरानं तिथं खड्डा असतो, म्हणून रोज सकाळी रस्ता नव्यानं शिकावा लागतो. दुकानातून घराकडे चालताना मी हाच विचार करत होतो, म्हणजे खरं तर दुसरा विचार यायला नको म्हणून हा करत होतो. माघ महिन्यातली थंडी होती, मानेवर साबण वाळून ताणत होता. दीपा को-पायलट होऊन वर्षही झालं नव्हतं. नोकरी पक्की व्हायची होती. अशात पोरीनं भर विमानात माईक घेऊन सांगावं, की आम्ही चुकलो? कोणी विचारलं होतं का तिला? चार गोड शब्द बोलायचे, थोडा उशीर आहे म्हणायचं, लोक झोपले असते. पण मग चालता चालता माझे पाय हळू झाले. चुकलो म्हणून थांबलो. हे वाक्य मी आयुष्यात एकदा ऐकलं होतं, दुसऱ्याच्या तोंडून, पुष्कळ वर्षांपूर्वी. त्या दिवशीही आजूबाजूची माणसं हसली होती, आणि हसणाऱ्यांत मी नव्हतो एवढं मला नक्की आठवत होतं.

घराच्या पायरीवर दीपाचे बूट होते. रात्रीच्या गाडीनं नागपूरहून आली असावी, न कळवता. आत ती भिंतीला टेकून खाली बसली होती आणि विमल तिला उकडपेंडी वाढत होती. विमलच्या हाताला अशा वेळी थारा नसतो, पोरीला काय झालंय हे कळलं नाही तर ती वाढत राहते. दीपा मला पाहून उठली नाही, फक्त म्हणाली, "बाबा, मले घरी बसवलं. चौकशी होईस्तोवर." मी म्हणालो, "ऐकलं मी." "कुठून?" "न्हाव्याच्या दुकानात." ती हसली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण हसली, आणि मला तिचा रागच आला. राग आला की माझं बोलणं वाकडं होतं. मी म्हणालो, "इमान काय बैलबंडी हाय का व, चुकाले? येवढे दिवे, येवढ्या पाट्या, अन् तुमी दोघं दोघं बसता तिथं." विमल म्हणाली, "खाऊ त द्या तिले." पण दीपानं ताट बाजूला सरकवलं आणि सांगायला लागली. लहानपणापासून तिचं असंच आहे. बाप चिडला की ती चिडत नाही, ती समजावून सांगते, आणि मग चिडलेल्या माणसाची फार पंचाईत होते.

उडण्याआधी विमानाला जमिनीवर बरंच चालावं लागतं, धावपट्टीपर्यंत. त्यालाही रस्ते असतात, फाटे असतात, वळणं असतात, कडेला पिवळ्या अक्षरांच्या पाट्या असतात. कोणत्या रस्त्यानं जायचं ते टॉवरवाले सांगतात. चाक कॅप्टनच्या हातात असतं आणि बाजूच्यानं नकाशा पाहून रस्ता सांगायचा असतो. त्या सकाळी धुकं होतं. कॅप्टन हिरासिंग, फौजेतून आलेला जुना माणूस, विमान चालवत होता. दीपा टॉवरशी बोलत होती आणि मान खाली घालून काहीतरी लिहून घेत होती. तेवढ्यात फाटा आला. हिरासिंगनं विचारलं, सरळ की उजवीकडे? दीपानं मान वर केली. नकाशा मांडीवर होता, पण तिला पुढं धुक्यात एक लाल दिवा लुकलुकताना दिसला, पुढच्या विमानाचा, आणि तो उजवीकडे वळत होता. "अन् बाबा, मी म्हटलं, त्याच्या मागं चला. मले पाटी नाई पायली, नकाशा नाई पायला. तोंडातून निंगूनच गेलं." पुढच्याला वेगळ्या धावपट्टीवर जायचं होतं. यांना सरळ जायचं होतं. हिरासिंगनं उजवीकडे घेतलं. थोडं पुढं गेल्यावर गवतातली पाटी दिसली आणि दीपाला कळलं, की आपण असायला पाहिजे तिथं नाही. ती म्हणाली, थांबा. हिरासिंग म्हणाला, पुढं एक वळण आहे, तिथून गुपचूप आपल्या रस्त्याला लागू. असं करतात म्हणे, पुष्कळदा करतात, कोणाला कळतही नाही. ती म्हणाली, नाही सर, आपण कुठं आहोत ते मला माहीत नाही, थांबा. त्यानं ब्रेक लावला. तिनं टॉवरला सांगितलं, आम्ही चुकलो, जिथं आहोत तिथं थांबलो. आणि ती हे बोलत असतानाच समोरच्या धुक्यातून, अगदी नाकासमोरून, एक विमान उतरत गेलं. आधी दोन दिवे आले, मग आवाज आला, आणि यांचं विमान जागच्या जागी हललं. पुढचं ते वळण धावपट्टीच्या पलीकडे होतं. दीपानं हे सांगताना पाण्याचा गिलास उचलला आणि न पिता खाली ठेवला. विमल म्हणाली, "मंग तर तुले शाबासकी द्यायले पायजे त्यायनं." दीपा म्हणाली, "आई, थांबवलं मी, पण चुकवलं बी मीच ना."

तोंडातून निंगूनच गेलं, ती म्हणाली होती. ते कसं निघून गेलं हे तिला माहीत असो वा नसो, मला माहीत होतं. राजूरहून वणीला ती शाळेत जायची तेव्हा मी पहिल्या पाळीच्या आधी तिला स्कूटरवर सोडायचो. थंडीत त्या रस्त्याला धुकं आणि कोळशाचा धुरळा एक होऊन जायचा, समोरचा हात दिसायचा नाही. कोळशाचे ट्रक एकामागं एक चाललेले. माझ्या चष्म्यावर वाफ धरायची. दीपा पुढं उभी राहायची, हँडलला धरून, कानटोपी, दप्तर पोटाशी, आणि तिला काम असायचं. पुढच्या ट्रकचा लाल दिवा पाहायचं. मी विचारायचो, "दीपे, दिवा दिसते का?" ती ओरडायची, "दिसते." पुन्हा थोड्या वेळानं, "दिसते का?" "दिसते." आम्ही खाणीत हेच करायचो. धुक्यात पुढच्या डंपरचा लाल दिवा सोडायचा नाही, तो वळला की वळायचं, तो थांबला की थांबायचं. खाणीत सगळे डंपर एकाच जागी जातात, कोळसा टाकायला, आणि एकाच जागी परत येतात. तिथं पुढच्याच्या मागं जाण्यात जीव वाचतो. मी तिला ते असं शिकवलं होतं की ते तिच्या शहाणपणाच्याही खाली जाऊन बसलं. पुढं किती शिकली ती, किती परीक्षा दिल्या, कोणकोणत्या मुलखात जाऊन आली. धुकं आलं आणि सगळ्यांच्या खालून ते वर आलं. तिला हे कळलंय का, हे मी तिच्या तोंडाकडे पाहून ओळखायचा प्रयत्न केला. ती बोटानं ताटातली उकडपेंडी गोळा करत होती. तोंडावरून काही कळेना.

आणि दुसरी गोष्ट, थांबण्याची, ती माझी नव्हती. ती उकंडाची होती. उकंडा आणि मी एकाच वर्षी डंपरवर चढलो. एका थंडीत धुक्याच्या सकाळी त्यानं भरलेला डंपर चुकीच्या रस्त्याला घातला, जुन्या, बंद केलेल्या बाजूला. पुढचा दिवा हरवला होता. दुसरा कोणी असता तर त्यानं डंपर मागं घेतला असता. माणूस चुकला की पहिली बुद्धी हीच होते, की कोणाला कळायच्या आत मागं जावं. उकंडानं ब्रेक लावला, सगळे दिवे लावले, आणि भोंग्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. सगळी खाण थांबली. त्या पाळीचं काम बुडालं. साहेब आला, शिव्या देत आला, आणि आम्ही सगळे भोवती गोळा झालो. उकंडा खाली उतरला आणि म्हणाला, "साहेब, चुकलो म्हणून थांबलो." लोक हसले. मी धुकं निवळल्यावर एकटाच तिथं गेलो होतो. डंपरच्या मागच्या चाकाजवळ कडा फुटला होता, आणि खाली काही नव्हतं. मी तिथं उभा राहून घाबरलो, दुसऱ्याच्या टळलेल्या मरणानं घाबरलो, आणि त्याच वेळी मला उकंडाबद्दल असं काही वाटलं की संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन मी नुसता बसून राहिलो. तो म्हणाला, "काहून आला?" मी म्हणालो, "असाच." पुढं त्याला डंपरवरून काढलं आणि धुरळा बसवायच्या पाण्याच्या टँकरवर घातलं. निवृत्त होईपर्यंत तो टँकरवरच होता. लोक त्याला 'भोंगा' म्हणायचे. ही गोष्ट मी दीपाला लहानपणी इतक्या वेळा सांगितली की विमल कंटाळायची. सांगताना मी नेहमी फुटलेल्या कड्यापाशी थांबायचो. टँकरचं सांगायचो नाही. लेकराला काय सांगायचं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीपा झोपली असताना तिचा फोन वाजला आणि मी उचलला. कॅप्टन हिरासिंग. मी आवाज चढवायच्या तयारीत होतो, पण तो पहिलं वाक्यच असं बोलला की माझी जीभ आत गेली. "भाईसाहब, आपकी लड़की ने उस दिन डेढ़ सौ लोगों को घर पहुँचाया, और मुझे भी." मग त्यानं सावकाश सांगितलं. विमानात जे बोलणं होतं ते एका पेटीत साठतं, पण जुन्यावर नवं चढत जातं. नंतर विमान उडालं, बराच वेळ उडालं, आणि फाट्यावरचं बोलणं पुसून गेलं. कोणी काय म्हटलं हे आता दोघांनाच माहीत. चाक त्याच्या हातात होतं. तो उन्हाळ्यात निवृत्त होणार होता. मी स्वतःच्या मनानं वळलो असं मी सांगतो, तो म्हणाला, आणि तिनं थांबवलं हे तर टॉवरकडे नोंदलेलं आहेच. तिनं फक्त तेवढंच सांगावं, आधीचं काही बोलू नये. "मेरा क्या है, भाईसाहब. मैं तो उतर ही रहा हूँ. उसे समझाइए, वो मेरी सुन नहीं रही." म्हणजे त्यानं तिला हे आधीच सांगितलं होतं आणि तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी अंगणात जाऊन उभा राहिलो. त्या माणसाला मी पाहिलेलं नव्हतं, पण असा माणूस वरिष्ठ म्हणून मिळायला नशीब लागतं. खाणीत मी उलटंच पाहिलं, वरच्याची चूक खालच्याच्या माथी. आणि हा स्वतः मागून घेत होता. घ्यावं ना मग पोरीनं. कोणाचं वाईट होत नव्हतं. मी मनातल्या मनात तिला हे सगळं समजावलं, नीट, न चिडता, आणि माझं मलाच पटलं. पटल्यावर मी उकंडाला फोन केला.

उकंडाला बोलावण्यात माझा डाव होता, लपवत नाही. टँकरची गोष्ट मी सांगून ती ऐकणार नव्हती. ज्यानं भोगलं त्यानंच सांगावं. चौकशी मोबाईलवर बोलावं तशी लॅपटॉपवर होणार होती, घरूनच, शुक्रवारी. उकंडा गुरुवारी एसटीनं आला, धोतर, स्वेटर, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. दीपा त्याच्या पाया पडायला वाकली तर तो मागं सरला, "राहू दे व, इमानवाली." जेवायला बसलो. विमलनं झुणका केला होता, भाकरी केल्या होत्या. मी थोडा वेळ कळ काढली आणि मग म्हणालो, "उकंडा, सांग ना हिले. डंपर गेला तुहा, त्याचं सांग." त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला डाव कळला. चाळीस वर्षं एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांपासून काही लपत नाही. भाकरीचा तुकडा झुणक्यात फिरवत तो म्हणाला, "गेला. लय वाईट वाटलं. पोट्टे भोंगा भोंगा म्हणत. माही बायको रडे. अजून बी कधी डंपरचा आवाज आला त मान वळते बाप्पा, खोटं काहून सांगू." मी दीपाकडे पाहिलं. तिनं ही बाजू कधी ऐकली नव्हती. तिचा घास हातातच राहिला होता. तिनं विचारलं, "मंग काका, आता तशीच येळ आली त? आता बी थांबसान?" उकंडानं बराच वेळ चावून घास गिळला. म्हणाला, "सांगता येत नाई पोरी. तवा मले मालूम नोयतं का डंपर जाइन म्हणून. आता मालूम हाय. मालूम असल्यावर थांबनं, थे लय मोठं काम हाय. माह्याच्यानं होते का नाई, देव जाने." मग विमलकडे वळून म्हणाला, "वयनी, झुणका मस्त झाला." मी त्याला बोलावलं होतं पोरीला वळवायला, आणि या माणसानं सगळं खरं सांगून माझ्या हाती काही ठेवलं नाही. मला त्याचा रागही आला, आणि त्या संध्याकाळी त्याच्या घरी नुसता बसून राहिलो होतो तेव्हा जे वाटलं होतं तेही पुन्हा वाटलं.

त्याला बसमध्ये बसवून आल्यावर दीपानंच विषय काढला. ती अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. "सरांचा फोन आलता ना तुमाले?" मी हो म्हणालो. "मंग काय म्हणता तुमी?" आता मला बोलावंच लागलं. मी म्हणालो, "घे ना मंग. थो सोताहून देऊन राह्यला. म्हाताऱ्याचं काई जात नाई. तुहं सगळं जाते. तू आता उकंडाचं ऐकलं नाई का? दीपे, मी तुले हात जोडतो. येवढी मेहनत केली तू, येवढी वर उडाली. येका वाक्यासाठी खाली बसशीन?" आयुष्यात मी पोरीपुढं हात जोडले नव्हते. तिनं ओलसर चादर तशीच खांद्यावर ठेवली आणि माझे हात खाली केले. "बाबा, उन्हाळ्यात सर जातीन. त्यायच्या नावावर काय राहीन मंग? येवढे वर्सं इमान चालवलं, अन् आखरीले चुकलेला म्हणून गेले. अन् मी दरवेळेस त्या फाट्यावर जाइन तवा मले मालूम राहीन." एवढं बोलून तिनं चादरीची घडी घातली. मी रागानं म्हणालो, "कर तुले करायचं थे," आणि आत येऊन टीव्ही लावला, आवाज मोठा केला. टीव्हीवर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी तिनं गणवेश घातला. घरात, लॅपटॉपसमोर बसायला, पण पूर्ण गणवेश, खांद्यावरच्या पट्ट्यांसकट. तिनं दार लोटून घेतलं. विमल शेजारच्या घरी जाऊन बसली, तिच्यानं ऐकवत नव्हतं. मी व्हरांड्यात उकंडाच्या तुरीच्या शेंगा घेऊन बसलो आणि सोलू लागलो, म्हणजे ऐकत नाही असं दिसावं म्हणून. चौकशीवाले तिघे होते. इंग्रजी बोलायचे, मध्येच हिंदीवर यायचे. माझं इंग्रजी म्हणजे डंपरच्या यंत्रांवर लिहिलेलं, पण आवाजावरून कळतं. त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. धुकं किती, टॉवर काय म्हणालं, कोण काय करत होतं. मग एकानं हिंदीत विचारलं, की कॅप्टन हिरासिंगच्या म्हणण्याप्रमाणे ते स्वतःच्या मनानं उजवीकडे वळले. आपलं म्हणणं काय? मी शेंग हातात धरून थांबलो. मला अजूनही वाटत होतं की ती हो म्हणेल. मी मनात म्हणतही होतो, म्हण, म्हण माय माझी. आतून दीपाचा आवाज आला, अगदी तोच, मोबाईलमधला. "नहीं सर. सर ने मुझसे पूछा था. मैंने कहा, आगेवाले के पीछे चलिए. ग़लत रास्ता मैंने बताया." मग तिला सांगण्यात आलं, की हे लिहिलं जाईल. ती म्हणाली, लिहा.

माझ्या हातातली शेंग फुटून दाणे खाली सांडले. वाईट वाटायला पाहिजे होतं आणि वाटतही होतं, पण त्याच्या वर दुसरं काहीतरी चढत होतं. मी त्या पोरीला हँडलजवळ उभी करून न्यायचो. ही एवढी कधी झाली हे मला कळलंच नाही. मालूम असल्यावर थांबणं, उकंडा म्हणाला होता. तिला सगळं माहीत होतं आणि ती पट्ट्या लावून बसली होती. मी आयुष्यात पुष्कळ धाडसाची माणसं पाहिली, कोळशाच्या आगीत शिरणारी पाहिली. माझ्या पोरीएवढं धीराचं माणूस मी पाहिलेलं नाही, हे मी कोणालाही सांगेन, न्हाव्याच्या दुकानातही सांगेन. मी उठून दाराशी गेलो. आत एक बाई होती त्या तिघांत, वयस्क आवाजाची, आणि ती विचारत होती, की नकाशा मांडीवर असताना तुम्ही पुढच्या दिव्याकडे का पाहिलं? ही पद्धत कुठं शिकलात? ट्रेनिंगमध्ये असं कोणी शिकवलं का? माझा हात दाराच्या कडीवर गेला. मी आत जाणार होतो. बनियनवर होतो, तसाच जाणार होतो आणि म्हणणार होतो, की बाई, ते मी शिकवलं. दीपा म्हणाली, "नहीं मैडम. किसी ने नहीं सिखाया. मेरी आदत है." त्या बाईनं पुन्हा विचारलं, "आदत कहीं से तो आती है." एवढा वेळ धडाधड उत्तरं देणारी पोरगी इथं अडली. म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ताटातली उकडपेंडी गोळा करत होती तेव्हाही. "मेरी ही है, मैडम," दीपा म्हणाली. "मैं इसे छोड़ दूँगी." मी कडीवरचा हात काढला. मला आत जाता आलं नाही, कारण मी रडत होतो.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. पट्ट्या काढून खिशात ठेवल्या होत्या. ती माझ्यासमोर खाली बसली, टोपली आपल्याकडे ओढली आणि शेंगा सोलू लागली. मी विचारलं, "काय म्हणे?" ती म्हणाली, "वरून कागद येईन म्हणते. पन त्या मॅडम बोलल्या, का पुन्हा पयल्यापासून शिकावं लागीन. खोट्या इमानात बसवतीन, परीक्षा घेतीन. पास झाली त उडाले भेटीन."

"अन् नाई झाली त?"

"मंग नाई." तिनं दोन-तीन शेंगा सोलल्या.

मी म्हणालो, "सगळं खरं बोलली तू. म्हाताऱ्याचं ऐकलं नाई, माहं ऐकलं नाई. पन आखरीले खोटं बोलली."

"कुठं बोलली?"

"थ्या सवयीचं. थे माही व्हती, दीपे. मी लावली तुले."

ती सोलायची थांबली. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तसाच राहिला, समजावून सांगण्याचा.

"बाबा, तुमी तर मले शाळेत पोचवून देत व्हते," ती म्हणाली.